पाच लॅपटॉप, एक तक्रार, चार बिघाड: विंडोज ११ च्या अपग्रेडनंतरचं वाय-फाय प्रकरण

(गाव, व्यक्ती आणि यंत्रांच्या ओळखखुणा बदलल्या आहेत. आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते रोमन अक्षरांतच टाइप करावे लागतात.)

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं कर सल्लागाराचं कार्यालय. सल्लागार स्वतः, पाच कर्मचारी आणि सात लॅपटॉप. लॅपटॉप सगळे मोठ्या कंपन्यांच्या वापरातून बाहेर पडलेले, दुरुस्त करून विकलेले. म्हणून सगळ्यांवर विंडोजची प्रो आवृत्ती. इंटरनेट फायबरचं आणि वाय-फाय केबलवाल्याने बसवलेल्या राउटरचंच. टॅलीचा डेटा आणि पार्ट्यांच्या स्कॅन केलेल्या फायली दोन हार्ड डिस्कच्या एका जुन्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-पेटीवर) ठेवलेल्या. तिथलं सामायिक फोल्डर कुठलाही पासवर्ड न विचारता उघडायचं. छपाईयंत्र क्रमांक दोनच्या लॅपटॉपला यूएसबीने जोडलेलं आणि बाकीच्यांसाठी तिथूनच शेअर केलेलं.

विंडोज १० साठीची मोफत सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. पार्ट्यांचे पॅन, आधार आणि बँकेचे उतारे असलेली यंत्रं त्यावर चालवत राहणं बरं नाही, हा सल्लागारांचा विचार योग्यच होता. सातपैकी पाच लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत होते: इंटेलचा आठव्या किंवा पुढच्या पिढीचा प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि सिक्युअर बूट ही सुरक्षित सुरुवातीची सोय. उरलेले दोन, क्रमांक सहा आणि सात, सहाव्या पिढीचे. त्यांना हात लावला नाही. तपासात पुढे हेच दोघे साक्षीदार ठरले.

शनिवारी, ८ नोव्हेंबरला, गावातल्या हार्डवेअरच्या तंत्रज्ञाने इन्स्टॉलेशन असिस्टंट वापरून पाचही लॅपटॉप विंडोज ११ च्या २५एच२ आवृत्तीवर नेले. डेस्कटॉप आला, वाय-फायची खूण दिसली, ब्राउझर उघडला, की यंत्र बंद करून पुढचं घ्यायचं, असं काम चाललं. नॅसवरचं फोल्डर कुणी उघडून पाहिलं नाही. बंद करून पुन्हा चालू करूनही कुणी पाहिलं नाही.

अडचण

सोमवारी, १० नोव्हेंबरला, सकाळी दहा वाजता कार्यालयातली तक्रार एकच होती: अपग्रेड केल्यापासून वाय-फाय चालत नाही. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या पार्ट्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीच्या तपशिलाचं जीएसटी विवरणपत्र) भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला होती.

एका वाक्यातली ही तक्रार प्रत्येक यंत्रावर वेगळी दिसत होती, पण ते त्या वेळी कुणी लिहून काढलं नाही. दुपारनंतर लिहिलं, तेव्हा चित्र असं निघालं:

क्रमांक एक: टास्कबारवरून वाय-फायची खूणच गेलेली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायरलेस कार्डावर पिवळा त्रिकोण आणि कोड १०, म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही.

क्रमांक दोन आणि चार: इंटरनेट व्यवस्थित. नॅसवरचं फोल्डर मात्र उघडत नाही, त्यामुळे टॅली बंद.

क्रमांक तीन: वाय-फाय जोडलेलं दिसतं, त्याखाली ‘इंटरनेट नाही’.

क्रमांक पाच: जोडलं जातं, पाच-दहा मिनिटं चालतं, तुटतं, पुन्हा जोडलं जातं. जीएसटी पोर्टलवर निम्मं काम झालं की सत्र संपतं.

क्रमांक सहा आणि सात, विंडोज १० वरचे: काहीही अडचण नाही. फोल्डरही उघडतं.

टॅली पाचही यंत्रांवर बंद होती, म्हणून सगळ्यांना आपला रोग एकच वाटला. बिघाड सगळीकडे असेल तर तो मध्यभागी असणार, म्हणजे राउटरमध्ये, असा कयास बांधला गेला. कयास वाजवी होता. पण सल्लागारांच्या हातातला मोबाइल त्याच वाय-फायवर व्यवस्थित चालत होता आणि सहा-सातही चालत होते, हे लक्षात घेतलं असतं तर राउटर जागच्या जागी निर्दोष सुटला असता.

पहिले दोन निर्णय, आणि त्यांनी वाढवलेलं काम

साडेदहाला राउटर बंद-चालू केला. फरक पडला नाही. मग तंत्रज्ञाने राउटरच्या मागच्या छिद्रात टाचणी घालून तो मूळ स्थितीत आणला. यात वाय-फायचं नाव आणि पासवर्ड तर गेलेच, पण केबलवाल्याने भरलेलं पीपीपीओई खात्याचं (म्हणजे राउटर ज्याने इंटरनेटला जोडला जातो त्या खात्याचं) नाव आणि पासवर्डही पुसले गेले. ते कार्यालयात कुठेही लिहिलेलं नव्हतं. आता मोबाइल आणि सहा-सात या यंत्रांचंही इंटरनेट गेलं. केबलवाल्याचा माणूस येऊन ते परत भरेपर्यंत दुपारचा दीड वाजला. या तीन तासांचा विंडोजशी काही संबंध नव्हता.

दुसरा निर्णय नेटवर्क रीसेटचा. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, नेटवर्क रीसेट. इंटरनेटवरच्या बहुतेक सल्ल्यांत हा उपाय पहिल्या तीनांत असतो, म्हणून तो क्रमांक एक आणि दोनवर केला गेला. एकवर उपयोग झाला नाही, कारण तिथे कार्डच सुरू होत नव्हतं. दोनवर तो करण्याचं कारणच नव्हतं. पण रीसेट सगळे नेटवर्क अडॅप्टर काढून पुन्हा बसवतो आणि हाताने भरलेली रचना पुसतो. दोनला दिलेला कायमचा पत्ता, १९२.१६८.१.५०, गेला. त्याबरोबर नेटवर्क ‘पब्लिक’ या प्रकारात गेलं. पब्लिक नेटवर्कवर विंडोज आपली फोल्डर आणि छपाईयंत्रं इतरांना दिसू देत नाही. त्यामुळे दोन वाजल्यापासून अख्ख्या कार्यालयाची छपाई थांबली, आणि ‘आता प्रिंटरही गेला’ अशी नवी तक्रार उभी राहिली.

ही दोन्ही पावलं अज्ञानातून पडली नाहीत. उद्याची मुदत आहे, माणसं समोर उभी आहेत, अशा वेळी हात आपोआप मोठ्या बटणाकडे जातो. मोठं बटण अनेक गोष्टी एकदम बदलतं. त्याने काम झालं तर नेमकं कशाने झालं ते कळत नाही, आणि नाही झालं तर आधीची स्थिती हातात राहत नाही.

समोर असलेले पर्याय

अडीच वाजता थांबून सल्लागारांनी एका अनुभवी नेटवर्क-तंत्रज्ञाला फोनवर घेतलं. समोरचे पर्याय असे होते.

एक, सगळे लॅपटॉप परत विंडोज १० वर नेणं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे ‘गो बॅक’ मिळतं, पण अपग्रेडनंतर १० दिवसच. म्हणजे १८ नोव्हेंबरपर्यंत. जुनी प्रणाली तोवर सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड या फोल्डरमध्ये पडून असते. सगळ्या कर्मचाऱ्यांचं मत याच बाजूने होतं. अडचण ही, की पाच यंत्रं परत नेण्यात संध्याकाळ जाणार, आणि पुढच्या वेळी याच बिघाडांची पुन्हा गाठ पडणार.

दोन, हजारेक रुपयांचे यूएसबी वाय-फाय डोंगल आणणं. एक आणि पाच यांच्यावर हे चाललं असतं. तीनवर नसतं, आणि फोल्डरला तर त्याचा काही उपयोग नव्हता.

तीन, विंडोज ११ कोऱ्या डिस्कवर नव्याने बसवणं. टॅली, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनची सॉफ्टवेअरं, छपाईयंत्र असं सगळं परत भरायचं. मुदतीच्या आदल्या दिवशी हे शक्यच नव्हतं.

चार, आज भरण्यापुरतं काम कसंही चालू करायचं, आणि दुरुस्ती एकेका यंत्रावर, कारण शोधून करायची.

चौथा पर्याय निवडला. त्याबरोबर एक छोटं काम केलं, ज्याने पहिला पर्यायही जिवंत राहिला. पाचही यंत्रांवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘डिस्म /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:३०’ हा आदेश दिला. परतण्याची मुदत १० दिवसांवरून ३० दिवसांवर गेली. (२ ते ६० पर्यंतचा आकडा चालतो; पण मूळची मुदत संपण्याआधीच द्यावा लागतो, आणि मधल्या काळात डिस्क क्लीनअपने विंडोज.ओल्ड काढलं तर सगळं व्यर्थ.) या सबंध प्रकरणातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा निर्णय. १८ तारखेचं दडपण त्याने काढून घेतलं.

बिघाड कुठल्या थरात आहे, हे शोधणं

फोनवरून पहिला प्रयोग सांगितला तो अँड्रॉइड मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगचा. चार्जिंगची डेटा चालणारी वायर लावायची, मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. विंडोजला ते नेटवर्क केबल लावल्यासारखं दिसतं. बहुधा वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) लागत नाही. लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड यात वापरलंच जात नाही, म्हणून उत्तर स्वच्छ मिळतं. टेदरिंगवर इंटरनेट आलं तर दोष कार्डात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये. तरीही नाही आलं तर दोष कार्डाच्या वर, विंडोजच्या नेटवर्क रचनेत.

क्रमांक एक आणि पाचवर इंटरनेट लगेच आलं. क्रमांक तीनवर आलं नाही. दहा मिनिटांत पाच यंत्रांचे तीन गट पडले.

दुसरा प्रयोग आयपीकॉन्फिगचा, म्हणजे यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणाऱ्या आदेशाचा. तीनवर पत्ता निघाला १६९.२५४ ने सुरू होणारा. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की विंडोज स्वतःच स्वतःला असा पत्ता देतं. म्हणजे वाय-फायचा पासवर्ड बरोबर होता, जोडणी झाली होती, पण ‘मला पत्ता द्या’ ही मागणी राउटरपर्यंत पोचत नव्हती किंवा उत्तर परत येत नव्हतं.

तिसरं काम प्रयोग नव्हे, चौकशी: हा बिघाड जगभर तर नाही ना? मायक्रोसॉफ्ट प्रत्येक आवृत्तीच्या ज्ञात अडचणींचं पान ठेवते, ते मोबाइलवर पाहिलं. हे पाहावं लागतं, कारण तसं घडलेलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अद्यतनानंतर विद्यापीठं आणि कार्यालयांमधल्या काही वाय-फाय जाळ्यांवर लॅपटॉप जोडलेच जाईनात, आणि शेवटी मायक्रोसॉफ्टनेच तो बदल मागे घेतला. तसं असेल तर आपल्या हातून काहीच दुरुस्त होत नाही, थांबणं हाच उपाय असतो. इथे मात्र तीन वेगळी लक्षणं होती, आणि तिघांना एकत्र बांधणारं त्या पानावर काही नव्हतं.

क्रमांक एक: सुरूच न होणारं कार्ड

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज इथे ‘व्हेन’ या अक्षरांनंतर चार खुणांचा संकेत असतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४सी३ मीडियाटेक, १६८सी क्वालकॉम अथेरॉस. ड्रायव्हरचं नाव पुसलं गेलं तरी हा संकेत राहतो. कार्ड कोणाचं ते यावरून ठरवावं. हे कार्ड इंटेलचं वायरलेस-एसी ९५६० निघालं.

या कार्डाची घडण वेगळी आहे. वाय-फायचा मोठा भाग प्रोसेसरबरोबरच्या चिपसेटमध्येच असतो, एम.२ खोबणीत बसवलेला तुकडा मुख्यतः रेडिओचा. चालू होताना ड्रायव्हर या भागांत फर्मवेअर (कार्डाचं स्वतःचं आतलं सॉफ्टवेअर) भरतो. ते मधल्याच कुठल्या अवस्थेत अडकलं तर ड्रायव्हर हात टेकतो आणि कोड १० देतो. आता गोष्ट अशी, की विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर यंत्र पुरतं बंद होत नाही. प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत आणला जातो. ‘रीस्टार्ट’मध्ये गाभा नव्याने सुरू होतो, पण कार्डाची वीज तुटतेच असं नाही. शनिवारी रीस्टार्टनंतर चाललेलं वाय-फाय सोमवारी चालू केल्यावर का गेलं, याचा मेळ इथे बसला.

तंत्रज्ञाने सकाळी ड्रायव्हर काढून टाकून पाहिला होता, ‘ड्रायव्हर काढण्याचा प्रयत्न करा’ या चौकटीवर खूण करून. कोड १० कायम. म्हणून आता वीज पूर्ण तोडली: शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन, चार्जर काढला, बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमधून) आतली बॅटरी तात्पुरती बंद केली (व्यावसायिक मॉडेलांत बहुधा ही सोय असते), आणि पॉवरचं बटण ६० सेकंद दाबून धरलं. चार्जर लावून चालू केल्यावर पिवळा त्रिकोण गेला.

इथे काम संपलं असं सगळ्यांना वाटलं, आणि बुधवारी सकाळी कोड १० परत आला. वीज तोडण्याने अडकलेलं कार्ड सुटतं, अडकण्याचं कारण जात नाही. मग दोन गोष्टी केल्या. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे फास्ट स्टार्टअपची खूण काढली. आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून त्याच मॉडेलसाठी विंडोज ११ चा वाय-फाय ड्रायव्हर आणून बसवला. त्यानंतर पुन्हा एकदा वीज तोडली. नंतर बिघाड परतला नाही.

एक सोय इथे सांगण्यासारखी आहे. इंटरनेट अजिबात नसेल आणि ड्रायव्हर हवा असेल, तर तो बहुधा त्याच डिस्कवर असतो. ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’ निवडून विंडोज.ओल्डच्या आत विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हरस्टोअर, फाइलरिपॉझिटरी हे फोल्डर दाखवायचं आणि आतली फोल्डरंही शोधण्याची खूण ठेवायची. परवापर्यंत चालत असलेला जुना ड्रायव्हर विंडोज तिथून उचलतं.

क्रमांक तीन: निघून गेलेल्या अँटिव्हायरसची चाळणी

टेदरिंगवरही इंटरनेट नाही, म्हणजे कार्डाला दोष नाही, हे आधीच कळलं होतं. रनमध्ये ‘एनसीपीए.सीपीएल’ देऊन अडॅप्टरांची यादी उघडली आणि वाय-फायच्या प्रॉपर्टीज पाहिल्या. तिथे इंटरनेट प्रोटोकॉल आवृत्ती ४ आणि ६, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग या नेहमीच्या नोंदींबरोबर एका अँटिव्हायरसच्या नेटवर्क फिल्टरची नोंद होती. ते अँटिव्हायरस सहा-सात महिन्यांपूर्वी वर्गणी संपल्यावर काढून टाकलं होतं.

असा फिल्टर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्या मध्ये बसवलेली चाळणी. माहितीचं प्रत्येक पाकीट तिच्यातून जातं. प्रोग्राम काढला तरी चाळणी मागे राहू शकते. अपग्रेडमध्ये विंडोज नेटवर्कची मांडणी जुन्या नोंदींवरून नव्याने रचतं. त्यात ही चाळणी पुन्हा जागेवर बसली, पण तिला ‘हे जाऊ दे, ते अडव’ सांगणारा प्रोग्राम आता नव्हता. टेदरिंगने तयार झालेल्या नव्या अडॅप्टरवरही ती आपोआप चढली, म्हणून तिथेही तेच.

त्या नोंदीपुढची खूण काढली आणि वाय-फाय बंद-चालू केलं. पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होणारा मिळाला, इंटरनेट आलं. दोन मिनिटांचं काम, आणि चुकलं असतं तर खूण परत करून जसं होतं तसं झालं असतं. मग त्याच अँटिव्हायरस कंपनीचं साफसफाईचं साधन दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवून, पेन ड्राइव्हने आणून चालवलं आणि चाळणी मुळापासून काढली.

नेटवर्क रीसेटने इथे कदाचित काम झालं असतं. पण या यंत्रावर एका मोठ्या पार्टीच्या सर्व्हरला इंटरनेटवरून सुरक्षितपणे जोडणारं व्हीपीएन होतं. रीसेटनंतर ते पुन्हा बसवावं लागण्याची शक्यता असते, आणि त्याची माहिती त्या पार्टीच्या संगणक विभागाकडून मागवावी लागली असती. दुपारी रीसेटची रांग दोनवरच थांबली, हे नशीब.

क्रमांक पाच: तुटक वाय-फाय

इथे अंदाज करण्याऐवजी विंडोजकडूनच अहवाल घेतला. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’. गेल्या तीन दिवसांतली प्रत्येक जोडणी आणि तुटणं यांचा आलेख एका वेबपानात मिळतो. शनिवारच्या अपग्रेडआधी तुटण्याच्या नोंदी जवळपास नव्हत्या. नंतर रांगच होती.

कार्ड रियलटेकचं ८८२१सीई. पहिला संशय वीजबचतीवर. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट इथली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ ही खूण काढून एक तास चालवलं. फरक नाही. खूण परत केली. एका वेळी एकच बदल, आणि उपयोग नसेल तर तो मागे, हा नियम इथे कसोशीने पाळला.

दुसरा संशय ड्रायव्हरवर. अपग्रेडनंतर विंडोज अपडेटने नवा ड्रायव्हर बसवला होता. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण फिकट होतं. मोठ्या अपग्रेडनंतर ते बरेचदा तसंच असतं, कारण नव्या प्रणालीच्या लेखी आधीचा ड्रायव्हर नसतोच. लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरचा ड्रायव्हर क्रमांकाने जुना होता. तो बसवला. मंगळवारी दुपारपासून ते एकदाही तुटलं नाही.

शनिवारी पुन्हा तुटायला लागलं. विंडोज अपडेटने आपला नवा ड्रायव्हर परत बसवला होता. आता निर्णय करायचा होता: अद्यतनं थांबवायची, की अद्यतनांतून येणारे ड्रायव्हर तेवढे थांबवायचे? पहिल्यात सुरक्षा अद्यतनंही थांबतात, आणि अपग्रेड ज्यासाठी केलं तेच हातून जातं. म्हणून दुसरं. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी संपादकात कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, विंडोज अपडेट या वाटेने गेलं की अपडेटबरोबर ड्रायव्हर न देण्याचं धोरण मिळतं. ते चालू केलं आणि चांगला ड्रायव्हर पुन्हा बसवला. हे धोरण त्या लॅपटॉपच्या सगळ्याच उपकरणांना लागू होतं, ही त्याची किंमत.

फोल्डर: वाय-फायचा बिघाड नसलेला बिघाड

दोन आणि चारवर इंटरनेट चालत असताना नॅसचं फोल्डर का उघडत नाही, याचं उत्तर पडद्यावरच्या त्रुटी-संदेशातच लिहिलेलं होतं: सुरक्षा धोरणामुळे ओळख न पटवलेला पाहुणा प्रवेश अडवला आहे. सकाळपासून तो संदेश पाच जणांनी बंद केला, वाचला कुणी नाही.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्ये दोन गोष्टी बदलल्या, आणि २५एच२ मध्येही त्या तशाच आहेत. सामायिक फोल्डरशी होणाऱ्या संभाषणावर डिजिटल सही असण्याची सक्ती झाली, आणि पासवर्डाशिवायचा ‘गेस्ट’ प्रवेश बंद झाला. गेस्टला पासवर्डच नाही, तर सही कशाच्या आधारावर करणार? विंडोज १० प्रो हे सगळं चालवून घेत होतं, म्हणून सहा आणि सातवर फोल्डर उघडत होतं.

दोन वाटा होत्या. प्रत्येक लॅपटॉपवर धोरण बदलून गेस्ट प्रवेश पुन्हा उघडायचा आणि सहीची सक्ती काढायची: यंत्रामागे पाच मिनिटं. किंवा नॅसवर प्रत्येक कर्मचाऱ्याचं खातं काढून पासवर्ड द्यायचा: एकूण तासभर. तंत्रज्ञाचा कल पहिलीकडे होता. सल्लागारांनी दुसरी निवडली, कारण वाय-फायचा पासवर्ड येणाऱ्याजाणाऱ्या पार्ट्यांनाही दिला जायचा आणि त्यातला कुणीही ते फोल्डर आजवर उघडू शकला असता. सोमवारी संध्याकाळी सहा खाती काढली, फोल्डरचा गेस्ट प्रवेश बंद केला, आणि प्रत्येक लॅपटॉपवर पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवला. दोनचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करून जुना पत्ता परत भरला, तशी छपाईही सुरू झाली.

निकाल

सोमवारी रात्री आठपर्यंत दोन, तीन, चार, सहा आणि सात पूर्ण चालू होते. एकचं कार्ड वीज तोडल्यावर सुटलं होतं. पाचचं काम मंगळवारी दुपारपर्यंत मोबाइलच्या टेदरिंगवर झालं. जीएसटीआर-१ मुदतीत भरली गेली. २० तारखेच्या ३बी विवरणपत्रापर्यंत एकही यंत्र विंडोज १० वर परत नेण्याची वेळ आली नाही; डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विंडोज.ओल्ड काढून टाकलं.

काय वेगळं करता आलं असतं

तारीख. अकरा आणि वीस या तारखांभोवती काम फिरणाऱ्या कार्यालयाने आठ तारखेला अपग्रेड करू नये. एकवीस तारखेनंतरचा शनिवार त्यासाठी आहे.

पाचही यंत्रं एका दिवसात करणं ही मूळ चूक. क्रमांक चार आधी केला असता आणि त्यावर दोन दिवस रोजचं काम केलं असतं, तर फोल्डरचा प्रश्न निवांतपणे सुटला असता आणि सोमवारी सगळ्यांची तक्रार एकसारखी झालीच नसती. खरा घोटाळा त्या एकसारखेपणाने केला.

अपग्रेडआधी प्रत्येक यंत्रावर वीस मिनिटांची तयारी पुरली असती. ‘पीएनपीयुटिल /एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’ या आदेशाने सगळे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर काढता येतात. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’चा मोबाइलवर फोटो. एनसीपीए.सीपीएल उघडून जुन्या अँटिव्हायरसच्या आणि व्हीपीएनच्या नोंदी पाहणं. लॅपटॉपच्या कंपनीचा विंडोज ११ साठीचा वाय-फाय ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवणं. तो त्या पानावर नसेल, तर ते यंत्र अपग्रेड करण्यापूर्वी थांबावं. आणि राउटरची पीपीपीओई माहिती केबलवाल्याकडून लिहून घेणं. विंडोज तसंच राहिलं तरी ती कधीतरी लागतेच.

तपासणी करताना यंत्र रीस्टार्ट करणं पुरेसं नव्हतं. शट डाउन करून, पंधरा मिनिटांनी चालू करून पाहिलं असतं तर एकचा बिघाड शनिवारीच सापडण्याची बरीच शक्यता होती.

दोन गोष्टी अजून मिटलेल्या नाहीत. क्रमांक सहा आणि सात विंडोज १० वरच आहेत; मार्चअखेरीच्या आत बदलायचे ठरले आहेत, तोवर त्यांवर फक्त टॅली चालते, पोर्टल आणि ईमेल नाही. आणि क्रमांक पाचवरचं ड्रायव्हर थांबवण्याचं धोरण अजून चालू आहे. कार्यालयाच्या नोंदवहीत त्यापुढे १ फेब्रुवारी ही तारीख घातली आहे: त्या दिवशी धोरण काढायचं, नवा ड्रायव्हर येऊ द्यायचा, दिवसभर चालवून संध्याकाळी डब्ल्यूलॅनरिपोर्ट पाहायचा, आणि जुना ड्रायव्हर तोवर पेन ड्राइव्हवर जपून ठेवायचा.